पत्रकातून गाळलेला प्रश्न

बाबांना वाचायचं असलं की ते चष्मा काढून ठेवायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच वडील असं करत असणार. मग मैत्रिणींकडे जायला लागल्यावर दिसलं, की तिथले वडील पेपर उघडण्याआधी चष्मा शोधत घरभर फिरतात. आमच्याकडे चष्मा रस्त्यासाठी होता, बसच्या पाटीसाठी, समोरून येणारा माणूस ओळखण्यासाठी. अक्षरांसाठी तो लागायचा नाही. बाबा कागद नाकापासून मूठभर अंतरावर धरायचे, उजवा डोळा मिटायचे आणि डाव्या डोळ्याने ओळीवरून सरकत जायचे. आई म्हणायची, "वाचताय की वास घेताय?" पण त्या मूठभर अंतरात त्यांच्या हातून अनुस्वारसुद्धा निसटायचा नाही.

त्यांचा नंबर उणे आठ होता. डॉक्टरांच्या भाषेत हा दोष. आमच्या घरची चूल त्या दोषावर पेटत होती.

बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात होते. दिवसा मशीनवर, आणि शिफ्ट सुटली की युनियनची पत्रकं तपासायला. कारखाना बंद झाला तेव्हा मी चौथीत होते. मशीन गेलं, तपासणं राहिलं. उल्हासनगरच्या पाच नंबरच्या कॅम्पात एक छोटा छापखाना आहे. त्याचा मालक सिंधी, बाबांना 'साईं' म्हणतो. तिथे बाबा प्रूफं वाचायला लागले. लग्नपत्रिका, मसाल्याच्या पाकिटांवरचे मजकूर, आणि मुख्य म्हणजे औषधांच्या खोक्यात घडी घालून टाकतात ते पातळ कागद. किती गोळ्या घ्यायच्या, कुणी घ्यायच्या नाहीत, हे त्यावर मोहरीएवढ्या अक्षरांत असतं. एकदा अशा कागदावरचं दशांश चिन्ह गळलं होतं आणि अर्ध्याचे पाच झाले होते. बाबांनी ते पकडलं. मालक अजून नव्या गिऱ्हाइकाला सांगतो, "हमारे साईं की आँख मशीन है."

मी पत्रकांवर वाढले. शाळेतली गणितं उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर सोडवली. 'जाहीर निषेध' हे शब्द मला शुद्ध लिहिता यायला लागले तेव्हा 'आदरणीय'मधला ण माझा चुकत होता. आता आम्ही बदलापूरला, बेलवलीत राहतो. मी शिकवण्या घेते, आणि पाणी, रेशन, शाळा, कशावरही पत्रक हवं असलं की लोक माझ्याकडे येतात.

आमच्या घरात देव्हारा नव्हता, नियम मात्र होते. सही करण्याआधी कागद मोठ्याने वाचायचा. बैठकीत जे ठरलं ते गेटवर बदलायचं नाही. आणि सगळ्यांत कडक नियम हा, की बाहेरच्यासमोर आपल्या माणसाला खोडायचं नाही. आत बसून त्याची हाडं मोकळी करा, पण टेबलाच्या पलीकडे मॅनेजमेंट असेल तेव्हा सेक्रेटरी बोलेल तेच आपलं म्हणणं. हा नियम सांगताना बाबा आवाज खाली आणायचे. मला तो तेव्हा फार उदात्त वाटायचा.

सेक्रेटरी म्हणजे बाबांचे कारखान्यातले सोबती, माझे काका. रक्ताचे नव्हेत, पण माझ्या बारशाला पाळण्याची दोरी त्यांनी धरली होती. कारखाना गेला, युनियन गेली, तरी ते राहतात त्या विठ्ठलवाडीत त्यांना सगळे सेक्रेटरीच म्हणतात. पत्रक लिहायला मला त्यांनी शिकवलं. "एका वाक्यात एकच मागणी. दोन घातल्यास की मालक त्यातली सोपी तेवढी देतो." आज हे लिहितानाही मी तो नियम पाळते आहे, हे कबूल करायला हवं.

काही वर्षांपासून काका कॅम्पातल्या एका ट्रस्टच्या डोळ्यांच्या दवाखान्यात काम करतात. चाळीचाळीत, आसपासच्या गावांत तपासणी शिबिरं लावायची, पेशंट आणायचे, त्यांचे कागद भरायचे आणि डॉक्टरसमोर त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या वतीने बोलायचं. शेतात आणि कंपन्यांत राबलेली माणसं डॉक्टरच्या टेबलापुढे मुकी होतात. काका त्यांचा आवाज होतात, असं मी मानत होते. एकदा त्यांच्या वाढदिवसाला तसं लिहूनही दिलं होतं.

मागच्या दिवाळीनंतर त्यांनी मला दवाखान्यात बोलावलं.

"क्रांतिकारक बाई, एक पत्रक पाहिजे. मोतीबिंदू आणि लेन्स. आपल्या माणसांना कळेल असं."

"मलाच कळत नाही, काका. आधी डॉक्टरांशी बोलू द्या."

"बोल की. पण पत्रक एक पानी. पाठपोट नाही."

डॉक्टर बाई चाळिशीच्या. त्यांनी दुपारचा डबा बाजूला सारून मला समजावलं. मला स्वतःचं बोट बघायला लावलं, मग लगेच खिडकीबाहेरची पाण्याची टाकी. "आत्ता तुझ्या डोळ्यातलं भिंग फुगलं आणि परत सपाट झालं. तुला कळलंही नाही. चाळिशीनंतर ते आळशी होतं. आणि मोतीबिंदू म्हणजे तेच भिंग गढूळ झालेलं." ते गढूळ भिंग तांदळाच्या दाण्याहून लहान चिरेतून फोडून शोषून काढतात, आणि त्याच वाटेने नवी लेन्स घडी घालून आत सरकवतात. ती आत उलगडते आणि आयुष्यभर तिथेच राहते.

"पण ही नवी लेन्स फुगत नाही," त्या म्हणाल्या. "साधी लेन्स एकाच अंतरावर थांबते. दूरचं ठेवलं तर वाचायला चष्मा लागतो. जवळचं ठेवलं तर रस्त्यावर चष्मा लागतो. लेन्सचा नंबर त्याप्रमाणे काढावा लागतो, आधी."

"सगळ्या अंतरांची नसते?"

"असते. पण डोळ्याचा मागचा पडदा कमजोर असेल तर मी बसवत नाही. आणि काहींना दिव्यांभोवती कडी दिसतात, ती आवडत नाहीत. साधीच बरी पडते बऱ्याच जणांना. फक्त विचारायला हवं, माणूस दिवसभर करतो काय."

मी घरी येऊन पत्रक लिहिलं. माझ्या आत्तापर्यंतच्या पत्रकांत मला ते सगळ्यांत आवडलं होतं, कारण त्यात एकही घोषणा नव्हती. शेवटी डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न होते. साखर आणि रक्तदाबाबद्दल, थेंबांबद्दल, किती दिवस डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही याबद्दल. चौथा प्रश्न असा होता: माझी लेन्स कुठल्या अंतरासाठी बसवणार, आणि मी काय काम करतो हे तुम्हाला माहीत आहे का?

काकांनी पेन काढून चौथ्यावर रेघ मारली.

"का?"

"लोक गोंधळतात गं. भीतीने आधीच अर्धमेले झालेले असतात. त्यात दूरचं की जवळचं विचारलंस की म्हणतात, घरी विचारून सांगतो. घरी गेले की संपलं. ते परत येत नाहीत, आंधळे होऊन बसतात. तुला चालेल?"

"पण न विचारता बसवली तर?"

"न विचारता कोण बसवतंय? आम्ही आहोत ना विचारायला." मग त्यांनी काउंटरवरच्या नर्सकडे नजर टाकली आणि हळूच म्हणाले, "इथे वाद नको. बाहेरची माणसं आहेत."

मी कागद त्यांच्याकडे सरकवला. रिकाम्या झालेल्या जागेत त्यांनी एक घोषणा घातली. ती माझीच होती, कच्च्या कागदाच्या समासात सहज खरडलेली. चष्मा उतरवा, जग पाहा. छापून आल्यावर ती मला जरा आवडलीसुद्धा.

त्या हिवाळ्यात बाबांची नजर धुकट व्हायला लागली. "सगळं बटर पेपरखालून वाचल्यासारखं होतंय," ते म्हणायचे. छापखान्यात एका पत्रिकेवर नवरदेवाच्या आजोबांचं नाव दोनदा छापलं गेलं. मालक काही बोलला नाही. ते न बोलणं बाबांना लागलं. काका घरी आले, चहा पिता पिता बाबांच्या डोळ्यात मोबाइलचा उजेड मारून म्हणाले, "पिकलाय की रे! एवढे पेशंट नेले मी, आणि घरचाच राहिला. सोमवारी ये."

सोमवारी आम्ही तिघं डॉक्टरांसमोर बसलो होतो. मध्ये बाबा, त्यांच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला काका. बाबांच्या डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले होते, त्यामुळे त्यांना नीटसं काही दिसत नव्हतं. ते मांडीवर हात ठेवून समोर बघत होते, गेटवर बसायचे तसे. डॉक्टर बाईंची बाहेर रांग होती. त्या मशीनच्या कागदावरून नजर न उचलता विचारत होत्या.

"पडदा पातळ आहे, साधी लेन्स घालू. डावा जास्त पिकलाय, आधी डावा. काम काय करतात?"

"काही नाही. रिटायर्ड," काका म्हणाले.

"घरीच असतात?"

"घरीच."

"मग दूरचं ठेवू?"

"दूरचंच. इतकी वर्षं सोड्याच्या बाटल्यांच्या काचा घालून फिरलाय बिचारा. जग बघू दे आता."

डॉक्टर हसल्या. काका हसले. बाबांच्या ओठांची हालचाल झाली, पण शब्द आला नाही. हा माझा चौथा प्रश्न होता, कागदावरून उठून माझ्यासमोर येऊन बसलेला, आणि त्याचं उत्तर तिसराच माणूस देत होता. मी स्वतःला सांगितलं, काका आणि बाबा आधी बोलले असतील. तीस वर्षांची दोस्ती आहे. आणि बाहेरची माणसं आहेत.

संमतीपत्र मी नियमाप्रमाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं, मगच बाबांनी सही केली. ज्या कागदावर 'निवृत्त' आणि 'दूरचे' लिहिलं होतं त्यावर सही नसते. म्हणून तो आम्ही वाचलाच नाही.

ऑपरेशन छान झालं. हे प्रामाणिकपणे लिहिते. डॉक्टर बाईंच्या हाताला दोष देता येणार नाही. तिसऱ्या दिवशी काळा गॉगल लावून बाबा बेलवलीच्या आमच्या गच्चीवर गेले आणि त्यांनी चंदेरी किल्ल्याचा सुळका पाहिला. चष्म्यातून त्यांनी तो हजारदा पाहिला असेल, पण त्या दिवशी ते आईला बोट दाखवून सांगत होते, "ती खाच बघ. ती, डावीकडची. ती तिथे आहे हे कुणी बोललं नव्हतं मला." आई म्हणाली, "आता माझ्या साडीवरचे डाग दिसायला लागतील तुम्हाला." काका पेढे घेऊन आले. त्यांनी बाबांचा बिनचष्म्याचा फोटो काढला.

उजवा डोळा अजून जुनाच होता. डाव्या बाजूची काच काढून चष्मा लावला की एका डोळ्याला जग मोठं आणि दुसऱ्याला लहान, त्याने चक्कर यायची, म्हणून बाबांनी चष्मा ठेवून दिला. पंधरा दिवसांनी छापखान्यातून औषधाच्या कागदाचं प्रूफ घरी आलं. बाबा खिडकीत बसले. कागद नेहमीच्या मूठभर अंतरावर आणला. मग थोडा लांब केला. मग हात पूर्ण ताणला. मग पुन्हा जवळ. डावा डोळा मिटून उजव्याने पाहिलं, तिथे धुकं होतं. बराच वेळ कागद मागेपुढे करून ते मला म्हणाले, "शाई पसरलीय का गं?"

शाई पसरली नव्हती.

"चष्मा मिळेल ना वाचायचा," आई म्हणाली. मिळाला. चष्मा लावून लग्नपत्रिका वाचता येत होती. पण औषधाच्या कागदावरची अक्षरं चष्म्यातून हातभर लांब उभी राहायची, आणि जवळ ओढली की विरघळायची. भिंग घेऊन बसले तर ओळ सुटायची. त्यांच्या डाव्या डोळ्याने आयुष्यभर जे काम केलं होतं ते अक्षरं नाकाशी आणून मोठी करण्याचं होतं, आणि ते आता कुठल्याच काचेने होत नव्हतं. डोळ्यातून गढूळ भिंग गेलं, त्यासोबत ते अंतरही गेलं.

मी त्यांना विचारलं, "बाबा, दूरचं ठेवायचं हे तुमचं आणि काकांचं आधी बोलणं झालं होतं ना?"

"नाही."

"मग तुम्ही तिथे का नाही बोललात?"

"ऐकत होतो मी. रिटायर्ड म्हणाला तेव्हाच कळलं, चुकतोय." त्यांनी कागदाची घडी केली. "पण डॉक्टर समोर होती. त्याला तिच्यासमोर खोडणार कसा?"

मला वाटलं, मी ओरडेन. डॉक्टर मॅनेजमेंट नव्हती. तो लढा नव्हता. तो बाबांचा डोळा होता.

दुसऱ्या दिवशी विठ्ठलवाडीला उतरून शेअर रिक्षाने मी दवाखान्यात गेले. काउंटरवर पत्रकांचा नवा गठ्ठा होता. त्यावर बाबांचा फोटो होता, बिनचष्म्याचा, आणि खाली माझी घोषणा. छपाई बाबांच्याच छापखान्यातली. मजकुरातल्या 'दृष्टी'ची वेलांटी उलट बाजूला लागली होती, आणि ती पकडणारा माणूस फोटोत हसत होता.

काका पेशंटच्या रांगेत होते. मी त्यांना बाजूला घेतलं नाही.

"तुम्ही त्यांना रिटायर्ड का म्हणालात?"

"अगं, हळू. आत चल."

"इथेच सांगा. छापखान्यात वाचतात ते काम नाही का?"

"काम आहेच, पण कंपनीतून रिटायर्डच ना तो! आणि वाचायला चष्मा कुठल्याही दुकानात मिळतो. सगळे दूरचंच घेतात."

"सगळे नाकाशी धरून वाचत नाहीत. तुम्ही त्यांना तीस वर्षं तसं वाचताना बघितलंय. तुमच्याच पत्रकांची प्रूफं वाचली त्यांनी."

"म्हणूनच गं," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरंच मऊ झाला. "मला बघवायचं नाही ते. कागदाला नाक लावून बसायचा. लोक हसायचे. मी म्हटलं, सुटेल बिचारा एकदाचा."

रांगेतली एक म्हातारी आमच्याकडे बघत होती. तिच्या हातात ते पत्रक होतं.

मला त्या क्षणी कळलं की काकांनी खोटं बोलून काही लाटलं नव्हतं. लाटलं असतं तर मी त्यांच्याविरुद्ध पत्रक काढलं असतं, आणि मला ते जमलं असतं. त्यांनी बाबांचं काम कामच मानलं नव्हतं. हजेरीपटावर आठ तास लागावेत म्हणून ज्या माणसाने गेटवर ऊन खाल्लं, त्याने माझ्या बापाच्या उरलेल्या आयुष्याची नोंद 'काही नाही' अशी केली होती. आणि ती दयेपोटी केली होती. दयेविरुद्ध घोषणा मला कुणी शिकवली नव्हती.

"उजव्या डोळ्याच्या वेळी मी यायचं नाही का?" काकांनी मागून विचारलं. मी रिक्षाकडे चालत राहिले.

उजवा डोळा उरला होता. त्याचं काय होणार यावर सगळं होतं. तोही दूरचा झाला तर बाबांचं वाचणं संपलं. मी बाबांना सांगितलं, यावेळी मी बोलेन. ते म्हणाले, "तू नको. मी बघतो."

उजव्या डोळ्याच्या तपासणीच्या सोमवारी आम्ही दोघंच निघालो होतो, पण दवाखान्यात काका आमच्या आधी येऊन बसले होते. त्याच खुर्चीत. बाबांनी त्यांना पाहून मान हलवली. आत डॉक्टर बाई कागद चाळत म्हणाल्या, "डावा मस्त बसलाय. उजवाही तसाच करू?"

"हो हो," काका म्हणाले, "तसाच, दूरचा."

"थांबा," बाबा म्हणाले.

ते इतक्या मोठ्याने म्हणाले की बाहेरच्या बाकावरची कुजबुज थांबली.

"यांचं लिहू नका. मला विचारा. मी रिटायर्ड नाही. मी वाचतो. औषधाच्या खोक्यातला कागद असतो ना, तो छापायच्या आधी मी वाचतो. मला जवळचं पाहिजे."

काकांचा चेहरा मी पाहिला. इतक्या वर्षांत कुणी त्यांना टेबलासमोर खोडलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. "मला सांगितलं होतं, घरीच असतात." मग बाबांकडे वळून म्हणाल्या, "मी तुम्हालाच विचारायला हवं होतं. चूक माझीही आहे."

"आता करा. आधी होतं तसं."

"तसं नाही होणार आता. डावा आता दूरचा झालाय. उजवा तितका जवळचा ठेवला तर दोन डोळे एकमेकांशी जुळणार नाहीत. जिना उतरताना पाय चुकेल." त्यांनी आपलं कोपर टेबलावर टेकवून बोटं सरळ केली. "इथून इथपर्यंत. एवढ्या अंतरावर आणू शकते. तेही काहींना सोसत नाही, पण बहुतेकांना सवय होते."

"आणि डाव्याच्या वेळीच विचारलं असतं तर?"

त्यांनी टाळलं नाही. "तर दोन्ही अजून जवळ ठेवता आले असते. रस्त्याला चष्मा राहिला असता."

"तो होताच की," बाबा म्हणाले.

काका उठले. दारात थांबून म्हणाले, "मला एकटं गाठून बोलला असतास रे." बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. काका गेले, ते आमच्या घरी अजून आलेले नाहीत.

उजवा डोळा झाला. डॉक्टर बाईंनी शब्द पाळला. कोपरापासून बोटांपर्यंतचं अंतर बाबांना मिळालं. पेपर वाचतात, पत्रिका वाचतात, माझ्या शिकवणीच्या पोरांचे निबंध वाचून पोरांना छळतात. दीड महिन्याने छापखान्याच्या मालकाने त्यांच्यापुढे औषधाचं प्रूफ ठेवलं तेव्हा मी बरोबर होते. बाबांनी ते तासभर वाचलं. उजव्या डोळ्याने, भिंग घेऊन, मग भिंगाशिवाय. शेवटी त्यांनी कागद मालकाकडे परत सरकवला.

"यह मेरे से नहीं होगा अब. दुसऱ्या कुणाला दे."

"अरे साईं, धीरे धीरे आदत हो जाएगी."

"आदत होईपर्यंत कुणीतरी गोळी घेईल ना ती," बाबा म्हणाले. "लग्नाच्या पत्रिका दे. तिथे चुकलं तर फक्त आजोबा रागावतात."

मालक हसला. बाबाही हसले. औषधाचे कागद तेव्हापासून दुसरीकडे जातात.

स्टेशनकडे चालत येताना मी काकांवर बोलत सुटले होते. मी एक पत्रक लिहिणार आहे, त्यात चौथा प्रश्न सगळ्यांत वर घालणार आहे, दवाखान्याच्या दारात उभी राहून वाटणार आहे. बाबा ऐकत होते. विठ्ठलवाडीच्या डेपोपाशी आम्ही रस्ता ओलांडायला थांबलो. त्यांना आता बसची पाटी चष्म्याशिवाय वाचता येत होती.

"काढ पत्रक," ते म्हणाले. "पण त्याच्यावर नको. त्याने तसं बोलावं हे मला कळतं. तो आयुष्यभर दुसऱ्याच्या वतीने बोललाय. आणि मी गप्प बसलो तेही मला कळतं, आम्ही त्याच वळणाचे." गाडी गेली, पण ते जागचे हलले नाहीत. "त्या दिवशी डोळ्यांत थेंब होते. मला काही दिसत नव्हतं. पण तू शेजारी आहेस हे माहीत होतं. हा प्रश्न तुला माहीत होता. मला वाटत होतं, आता ही बोलेल. मी तुझी वाट बघत होतो."

मग त्यांनी माझा हात धरला, लहानपणी धरायचे तसा नव्हे, म्हातारी माणसं आधाराला धरतात तसा, आणि आम्ही रस्ता ओलांडला. दोन डोळ्यांतल्या दोन वेगळ्या अंतरांमुळे फुटपाथची उंची त्यांना अजून नीट कळत नाही.